तियामिके, खोली नंबर दोन

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीची आहे. मी राजधानीत, लिलाँग्वेच्या बाजारात कपडे शिवते. गोष्टी रचायला मला ना वेळ आहे, ना तेवढं डोकं.

आणि आधीच सांगून ठेवते, ही रात्रीची गोष्ट नाही.

जे झालं ते टळटळीत दुपारी झालं. सरोवराच्या काठी, सालिमा शहराच्या खाली कापेन्या म्हणून गाव आहे. तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात. सुरुवात झाली ऑक्टोबर महिन्यात... आमच्याकडे त्या महिन्यात जमीन नुसती भाजून निघते.

माझी बहीण एनिफा तिथे नर्स. बाळंतपणं तीच करायची, लसी तीच टोचायची, जखमाही तीच शिवायची. डॉक्टर तिथे कधी नव्हताच.

त्या वर्षी केंद्रात कॉम्प्युटर आले. ट्रकमधून खोके उतरले, छतावर सोलरचे पत्रे बसले. बोट लावलं की चालणारे पडदे. व्हरांड्यात आयांसाठी बाकं होती, त्यांच्या वर एक स्पीकर लागला. मुलाची पाळी आली की त्यातून एक बाई नाव पुकारायची आणि खोली सांगायची. खोली नंबर दोनमध्ये नवा वजनकाटा आला. बाळाला त्यावर ठेवलं की वजन वायरीतून आपोआप कॉम्प्युटरमध्ये जायचं. कुणी काही लिहायला नको.

"ही बाई आहे तरी कोण?" गोगो नामालोम्बांनी पहिल्याच दिवशी स्पीकरकडे बघत विचारलं. गोगो म्हणजे आजी. त्या केंद्रात झाडलोट करायच्या, बाळंतिणीचे हात धरायच्या. "दिसत नाही, जेवत नाही, नुसते हुकूम सोडते. कुणाची तरी नणंद दिसतेय!"

सगळ्या बायका हसल्या. एनिफाही हसली. तिला तेव्हा पाचवा महिना होता.

तिचं हे दुसरं बाळंतपण.

पहिलं आदल्या वर्षी झालं होतं. त्याच केंद्रात, त्याच खाटेवर. दिवस पूर्ण भरलेली, डोक्यावर दाट केस असलेली मुलगी. सगळं नीट होतं. फक्त तिने श्वास घेतला नाही.

अशा बाळाला आमच्याकडे नाव देत नाहीत. म्हाताऱ्या बायका येतात, बाळाला कापडात गुंडाळतात आणि मागच्या दाराने नेतात. पुरुष जात नाहीत. आई जात नाही, कुठे पुरलं ते विचारत नाही, मोठ्याने रडत नाही. रडली, हाक मारली तर पुढचं मूल टिकत नाही म्हणतात. एनिफाच्या बाळाला नेणाऱ्यांत गोगोही होत्या.

एनिफाने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. फोनवर मला एवढंच म्हणाली, "झालं ताई सगळं." मला वाटलं, सावरली.

पण तिने त्या मुलीसाठी एक नाव ठरवून ठेवलं होतं. कुणालाच माहीत नव्हतं. नवऱ्याला नाही, मलाही नाही.

कॉम्प्युटर शिकवायला जिल्ह्याहून ब्लेसिंग्ज नावाचा माणूस यायचा. मोटरसायकलवरून, धुळीने लाल होऊन. बोलका, मनाने चांगला.

"सिस्टर, सरावाला तुमचीच नोंद करू या," तो एका दुपारी म्हणाला. "गरोदर बाईची नोंद सगळ्यात लांबलचक. ती जमली की सगळं जमलं."

एनिफा बसली. वय, गाव, महिने. मग पडद्याने विचारलं, आधीची बाळंतपणं?

एक.

बाळाचं नाव?

"तिला नाव नाही," एनिफा म्हणाली.

"रिकामं सोडलंत तर पुढचं पान उघडत नाही. काहीतरी टाका."

"काहीतरी म्हणजे काय?"

"काही केंद्रांत नुसतं 'बेबी' लिहितात. एकाने तर आपल्या साहेबाचं नाव टाकलं होतं! साहेब दर महिन्याला गोवराच्या लशीला." तो स्वतःच खो खो हसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला.

खोलीत ती एकटीच राहिली.

तिने टाइप केलं... तियामिके.

पुढचा चौकोन होता, जिवंत की मृत. पडद्यावर 'जिवंत' आधीच उमटलेलं होतं. ते बदलायला एकदा बोट लावायचं होतं.

तिने लावलं नाही.

"मला फक्त बघायचं होतं ताई," ती मला पुढे म्हणाली. "तिचं नाव, आणि त्याच्यापुढे जिवंत. थोडा वेळ. मग बदलणारच होते मी."

ब्लेसिंग्ज घाईघाईने परत आला. "झालं? शाबास! आता अंगठा ठेवा, की नोंद पक्की."

आणि तिने अंगठा ठेवला.

पुढच्या लसीच्या दिवशी व्हरांडा खच्चून भरला होता. दुपारपर्यंत एकेक करत सगळ्या आया गेल्या. बाकं रिकामी झाली. शेळ्यासुद्धा आंब्याखाली जाऊन पडल्या. गोगो झाडू मारत होत्या, एनिफा हात धूत होती.

आणि स्पीकर बोलला...

"तियामिके. खोली नंबर दोन."

एनिफाच्या हातातला साबण सुटला.

"कोण राहिलं गं?" गोगो बाहेर डोकावल्या. "इथे तर चिटपाखरू नाही."

"तियामिके. खोली नंबर दोन."

आंब्यावर किडे सकाळपासून किर्र करत होते. ते थांबले. एकदम, सगळे.

मग व्हरांड्यात... बाक करकरलं.

कुणीतरी उठताना करकरतं ना, तसंच.

पावलं वाजली नाहीत. दार हललं नाही. पण खोली नंबर दोनमध्ये रिकाम्या वजनकाट्यावर हिरवे आकडे पेटले. थरथरले... आणि स्थिर झाले.

एनिफाने तो आकडा वाचला. आदल्या वर्षी खाटेवर पडल्या पडल्या तिने गोगोंना विचारलं होतं, वजन किती भरलं? गोगोंनी जे सांगितलं होतं, तेच आत्ता समोर होतं.

"बिघडलं तुमचं यंत्र," गोगो दारातूनच म्हणाल्या. "हवेचं वजन करतंय." पण त्या आत आल्या नाहीत. बाळाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. तरी झाडू तिथेच टाकून त्या घरी निघून गेल्या.

एनिफाने ब्लेसिंग्जला फोन लावला.

"यंत्राला वाटतंय मूल जिवंत आहे, म्हणून लशीला बोलावतंय," तो म्हणाला. "काटा उन्हाने वेडा झाला असेल."

"मग पुसून टाक ना ते."

"पुसता येत नाही सिस्टर, कुणालाच. 'मृत' म्हणून नोंदवावं लागतं. ज्याच्या अंगठ्याने नोंद झाली, त्याच्याच अंगठ्याने. मिनिटाचं काम आहे."

"करते," एनिफा म्हणाली.

केलं नाही.

मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते सांगू? त्या दुपारी माझी बहीण घाबरली नव्हती. तिला आनंद झाला होता.

पुढच्या वेळी ती मुद्दाम थांबली. गोगोंना लवकर घरी पाठवलं. बाकं रिकामी झाली, किडे गप्प झाले, नाव पुकारलं गेलं... आणि काट्यावरचा आकडा वाढलेला होता. त्याच्या पुढच्या वेळी आणखी. पडद्यावर रेघ वर वर चालली होती, सुदृढ बाळाची असते तशी.

"बाळसं धरतेय," ती काट्याजवळ उभी राहून म्हणाली. मोठ्याने. रिकाम्या खोलीत.

इकडे तिचं पोट मात्र वाढेना.

"पोट वर चढत नाहीये पोरी," गोगो एकदा हाताने चाचपून म्हणाल्या. "खातेस ना नीट? का नवरा जोहान्सबर्गहून पैसे पाठवत नाही म्हणून उपास धरलायस?"

"खाते हो गोगो. दोघींपुरतं खाते."

ती नेमकं कुणाबद्दल बोलली, ते गोगोंनी विचारलं नाही.

फेब्रुवारीत, आमच्याकडच्या भर पावसाळ्यात म्वाई झाली. एवढीशी. पण जिवंत, रडणारी. नाळ पडली, रीतीप्रमाणे तिला घराबाहेर आणलं, सगळ्यांसमोर नाव ठेवलं. मी दुकान बंद करून मुद्दाम गेले होते, उसिपा मासे आणि कापडाचा अख्खा गठ्ठा घेऊन.

म्वाई वाढेना. दूध प्यायची, पोटभर प्यायची, आणि दुसऱ्या आठवड्यात आणखी हलकी लागायची.

एनिफा तिला नेहमी उजवीकडेच पाजायची. मी एकदा म्हटलं, "अगं, डावीकडे पण घे की."

"डावीकडे नाही उरत ताई."

"नाही उरत म्हणजे?"

"आधीच प्यालेलं असतं."

मीठ संपलं असं सांगावं तशी म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. नाव, अंगठा, काटा, सगळं. सांगताना तिचे डोळे चमकत होते.

"एनिफा," मी म्हटलं, "ती मुलगी मेलीये."

"श्श!" तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि केंद्राच्या दिशेने बघितलं. "ऐकेल ना ती."

मी तिला ओढत जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने म्वाईला सगळीकडून तपासलं. उलटी नाही, जुलाब नाही, ताप नाही. "दूध तर पोटात जातंय," तो म्हणाला. "मग पुढे जातं कुठे?" मला उत्तर माहीत होतं, पण काय सांगणार त्याला! निघताना त्याने मला बाजूला घेतलं. असंच चाललं तर पोर फार दिवस काढणार नाही, म्हणाला.

त्या संध्याकाळी मी बहिणीला तोडून बोलले. आयुष्यात कधी बोलले नव्हते इतकं.

"दोघी नाही राहायच्या एनिफा. एक ठेव."

"तू आई नाहीस ताई. तुला काय कळणार?"

खरं होतं. मला लागलं, खूप लागलं. पण मी जागची हलले नाही.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी न्सिमाचं, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचं, ताट माझ्यापुढे सारत म्हणाली, "आज दुपारी केंद्रात ये. म्वाईला घेऊन ये."

पाऊस थांबला होता. ऊन पडलं होतं, सगळीकडे वाफ. शेवटची आई निघून गेली. गोगो आंब्याखाली झाडूला टेकून उभ्या होत्या. आत यायला तयार नव्हत्या, घरीही जाईनात.

मी खोली नंबर दोनच्या दारात उभी राहिले. म्वाई माझ्या छातीशी होती. हातात काही आहे असं वाटतच नव्हतं.

एनिफा पडद्यासमोर बसली. तियामिकेचं पान उघडलं. मीही बघितलं. ती वर चढणारी रेघ... त्याच पडद्यावर म्वाईची रेघ काढली असती तर नेमकी उलटी निघाली असती.

तिने 'मृत'वर बोट ठेवलं.

पडद्याने कारण विचारलं. तिने भरलं. पडद्याने विचारलं, खात्री आहे? असल्यास अंगठा ठेवा.

बाहेर पागोळ्या ठिबकत होत्या. त्यांचा आवाज बंद झाला. पाणी पडताना दिसत होतं... आवाज येत नव्हता.

व्हरांड्यात बाक करकरलं.

आणि मग...

"आई..."

मी खाली बघितलं. म्वाई अवघी तीन महिन्यांची. तिचे ओठ मिटलेले होते. ती डोळे मोठे करून दाराकडे बघत होती.

"आई..."

मी ऐकलं. माझ्या या कानांनी ऐकलं. तिकडे आंब्याखाली गोगोंच्या हातून झाडू पडला.

एनिफाची पाठ ताठ झाली होती. अंगठा हवेत होता. ती वळली नाही. मी मनात ओरडत होते, ओ देऊ नकोस, एनिफा, ओ देऊ नकोस! असल्या हाकेला ओ द्यायची नसते, हे लहान पोरालाही कळतं. मला धावत जाऊन तिचं तोंड दाबायचं होतं. मी म्वाईलाच घट्ट धरलं.

"ओ," एनिफा म्हणाली.

मग अगदी लाडाच्या आवाजात म्हणाली. आया बाजाराला निघताना दारातल्या पोरीला समजावतात ना, त्या आवाजात.

"आले हं राणी. तू बस तिथेच. एवढं काम आटपते, नि आलेच."

बाक पुन्हा करकरलं. कुणीतरी ऐकून नीट बसलं.

एनिफाने अंगठा टेकवला.

स्पीकरमध्ये बारीकशी टक झाली. बस. पागोळ्यांचा आवाज परत आला. म्वाईने भोकाड पसरलं, असं की तीन महिन्यांत मी ऐकलं नव्हतं. एनिफाने तिला माझ्या हातून घेतलं तेव्हा एनिफाचा झगा पुढून दुधाने ओला झाला होता. दोन्ही बाजूंनी.

पाजताना ती रडली. मोठ्याने, हंबरडा फोडून. पहिल्या वेळचं राहिलेलं सगळं रडली. गोगो आत आल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. गप्प राहा म्हणाल्या नाहीत.

त्याला आता बरीच वर्षं झाली. म्वाई तिसरीत आहे. गुटगुटीत, आगाऊ, माझ्या पिशवीतले पैसे मोजून सांगते. स्पीकरने ते नाव पुन्हा कधी घेतलं नाही. काटा ठीक चालतो. ब्लेसिंग्ज अजून म्हणतो, उन्हाचा दोष होता. असेल. तो त्या दुपारी तिथे नव्हता.

मात्र व्हरांड्यातल्या त्या बाकाच्या कडेला एका माणसाची जागा नेहमी रिकामी असते. कितीही गर्दी असो. परगावच्या बायका, ज्यांना काही माहीत नाही, त्यासुद्धा तिथे बसत नाहीत. उभ्या राहतात. मी एकीला विचारलं होतं. ती म्हणाली, "तिथे कुणाची तरी पाळी आहे ना?"

एनिफाला दोनदा जिल्ह्याला बढती आली. पक्कं घर, जास्त पगार. नवरा परत आलाय, तोही मागे लागलाय. ती हलत नाही.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी तिला समजवायला गेले. दुपारची वेळ होती. आम्ही केंद्राच्या पायरीवर बसलो होतो. मी बाकावर बसत नाही.

"चल ना शहरात. काय ठेवलंय इथे?"

"तिला सांगितलंय ना ताई, आले म्हणून." एनिफा बाकाच्या कडेकडे बघत होती. "बसलीये बिचारी. एकदाही उठली नाही. शहाणी आहे."

"मग... कधी जाणार आहेस तू तिच्याकडे?"

अंगणात म्वाई शेळीच्या मागे पळत होती. एनिफाने तिच्याकडे बघितलं.

"हिला थोडी मोठी होऊ दे," ती म्हणाली. "हिला आपल्या हाताने न्सिमा करता आली की झालं. मग अडणार नाही हिचं. मग जाईन."

परवा मला फोन आला. म्वाईचा होता. नुसती उड्या मारत होती.

"मोठी आई, आज न्सिमा मी केली! एकटीने! एकसुद्धा गुठळी नाही झाली!"

मी फोन कानाला लावून उभी राहिले. मला शाबास म्हणवेना.